एकोणिसावी रेघ

कलेक्टर कचेरीच्या मागच्या अभिलेख खोलीत
मला पानामागे साडेचार रुपये मिळतात.
पर्जन्यवही, तालुका नाशिक, साल अठराशे नव्वद आणि काहीतरी,
शेवटचा आकडा कसरीनं खाल्लाय.
मोडीत लिहिलेलं, मोडीत निघालेलं.
मी फोटो काढते, आकडा लावते, चौकटीत भरते.
इंच, सेंट. इंच, सेंट.

कारकून रंगनाथ गायधनी यांचा हात देखणा,
पण पाऊस त्यांच्याकडे पाचाच्या पटीतच पडतो
आणि रविवारी सहसा पडत नाही.

मग भाद्रपदात एक शेरा:
रजेवर जात आहे. पाऊस लहानू शिपाई पाहील.

पुढे अकरा दिवस आकडाच नाही.
उभ्या रेघा.
मला वाटलं, कुणा पोराच्या हाती वही लागली.
त्यांवर तांबड्या शाईत, त्याच देखण्या हातानं,
परत आल्यावर: नोंद नाही.

पुण्याहून सर फोनवर म्हणाले,
रेघ म्हणजे विदा नव्हे,
उणे नव्याण्णव टाका नि पुढे चला.
आमच्यात हरवलेल्या दिवसाला उणे नव्याण्णव म्हणतात.
टाकलेही मी. पहिले दोन.

डबा खाताना लक्षात आलं,
सगळ्यात उंच रेघा अगदी एका उंचीच्या.
लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली.
त्या उंचीपुढे एकही गेलेली नाही.

लहानूला अंक येत नव्हते.
त्यानं काचेची नळी कागदाला टेकवून उभी धरली
आणि पाणी जिथवर तिथवर रेघ ओढली.
नळी भरली की ओतून द्यायची, दुसरी रेघ.
अर्धा इंच. अर्धा इंच.
कोरड्या दिवशी ठिपका,
म्हणजे गेला होता, बघून आला होता.

सिन्नरची वही काढली, निफाडची काढली.
चढउतार जुळतो,
गायधनींचा कधी जुळला नाही इतका.

नवव्या दिवशी रेघा पान संपवून
पाठीमागच्या बाजूला गेल्यात.
अठरा पूर्ण, एकोणिसावी निम्मी.
सव्वानऊ इंच.
त्या दिवशी गोदेनं दुतोंड्या मारुती गिळला असणार,
आणि इथे आवारात एक माणूस
एकोणीस वेळा
नळी डोळ्यासमोर धरून उभा.

सरांना पट्टीसकट फोटो पाठवलेत. निळी खूण आलीय, उत्तर नाही.
पहिले दोन उणे नव्याण्णव मी खोडले.
यंत्र विचारतं, मापकाचे संपूर्ण नाव?
आडनाव सबंध वहीत कुठेच नाही.
लहानू, एवढंच भरलं. तांबडी चौकट आली. तशीच ठेवली.

एकोणिसाव्या रेघेचं टोक फुटलंय,
शाई पसरलीय मुगाच्या दाण्याएवढी.
हात ओला असेल.
मापात दोन सेंटांची चूक संभवते,
तसं शेऱ्यात नमूद केलंय.