तुटक रेष

लष्करात, दफ्तरी ओळीत, अकरा घरं.
म्हणजे आडव्या भिंती बावीस हव्यात.
नाहीत. बारा आहेत.
मधल्या दहा दोघादोघांच्या.

फितीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं हरचरण कुशवाहकडे.
"दो फुट तीन," तो ओरडतो, मी लिहितो:
सव्वादोन फूट, चुन्यातली, बाहेरून घडीव, आत भर.
पायरी दगडाची, चौकट दगडाची,
छतसुद्धा, पटिया नऊ फुटी,
एक टोक वीतभर या भिंतीत,
दुसरं शेजारच्यांच्यात.
लाकूड फक्त दारांपुरतं.
सज्जाखाली तोडे, घराला चार, सगळ्यांवर कमळ.
पाच नंबरच्या एकावर मात्र पोपट.
कुणा पाथरवटाला दुपारी कंटाळा आला असेल.

सात नंबर गेल्या उन्हाळ्यात पाडलं.
मालक कोट्याला, सही टपालानं आली.
आता तिथे नुसता उजेड,
आणि सहाच्या अंगावर सातचं घर चिकटलेलं:
जिन्याची दातेरी तिरकी रेघ,
निळसर चुना, दिवळीतली काजळी,
वरच्या मजल्यावर एक खुंटी,
जिला हात पोचायला आता जमीनच नाही.
पटिया उपसल्या, त्या खाचांत
कबुतरांनी महिन्याभरात बिऱ्हाडं थाटली.

आठ नंबरात कमलजाबाई टेंबे,
महालेखाकार कार्यालयातून निवृत्त.
त्यांनी पाणी दिलं, मग म्हणाल्या,
"बैठकीत आमच्याकडे घड्याळ नव्हतंच कधी.
सरवट्यांचं ऐकू यायचं, भिंतीतून, जरा दबकं.
आता दुपारचे किती वाजले कळत नाही.
आणि तापते हो ही भिंत.
तिला बाहेरची व्हायची सवय नाही."

मी वर पाहिलं. पटियाच्या पोटावर बारीक लाटा,
एकीमागे एक, बोटभर अंतरानं.
छिन्नीचं काम म्हणून नोंद करणार होतो.
हरचरणचे वडील खाणीत होते. तो म्हणाला,
"ना साहब, ये पानी का काम है."
दगड अजून वाळू होता तेव्हा
त्यावरून कुठलं तरी पाणी गेलं,
तेवढीच घडी राहिली.
बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं मी याखाली झोपते,
मला वाटायचं, दगड नीट घासला नाही.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.
रिकामा ठेवला.

रात्री नकाशा शाईत उतरवताना:
तुटक रेष म्हणजे जे डोक्यावर आहे,
पण कापात येत नाही. सज्जा, तुळई, छत.
पाडलेल्यासाठी वेगळी खूण असते,
मला माहीत आहे, पुस्तक कपाटात आहे.
मी सात नंबर तुटक काढलं,
दोन्ही भिंतींपर्यंत, जिन्यासकट.

साहेब विचारतील, इथे वर काय आहे?
सध्या ऊन, म्हणेन.
आणि एक खुंटी.