जस्तावर

फोटो रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओतला.
बाबा, कडक कॉलर, गुडघ्यावर हात.
शेजारच्या खुर्चीत एक बाई,
आणि तिला चेहरा नाही.
चेहऱ्याच्या जागी पांढरं, खरवडलेलं,
पिनेनं किंवा आकड्यानं,
कोणीतरी निवांत बसून.

घरात तिला 'ती' म्हणत, तेही क्वचित.
नाव मला मृत्यूच्या दाखल्यावर मिळालं:
रत्नप्रभा धायबर. वय तेवीस. ताप.

मी जस्ताचा पत्रा कापला, कडा कानशीनं घासल्या.
बाबा सोपे गेले.
मिशी, घड्याळ, बुटांच्या नाड्या.
सगळं उलटं काढायचं असतं, मग छापताना सुलटं होतं,
हे मी विसरले. वीस वर्षं हेच शिकवते तरी.
मग तिचे ओरखडे उतरवले,
होते तसे, एकेक.
सत्तेचाळीस मोजले, पुढं मोजले नाहीत.
सुई जाते तिथं धातू दोन्ही अंगांनी उसवतो,
तासाच्या कडेला माती उभी राहते तसा.
शाई त्या उसवलेल्यातच जाऊन बसते.

पत्रा पुसायला आईच्या विटक्या साडीच्या चिंध्या.
हसमुखभाईंनी ओला कागद ठेवला, वर नमदा.
"धीमे, बेन, धीमे,"
चाक मी फिरवत असले की हे त्यांचं ठरलेलं,
जणू प्रेसवर कोणी झोपलंय.

कागद उचलला.
बाबांचं घड्याळ उजव्या हातात,
पदर भलत्याच खांद्यावर,
आणि फोटोत पांढरं होतं तिथं
काळं. मखमलीसारखं,
अख्ख्या कागदावर एवढं काळं दुसरं काही नाही.

रविवारी आई आली,
रिक्षातून, शेवउसळीचा डबा सांभाळत.
चष्मा बदलून पाहत राहिली.
"तेव्हा मी एकोणीसची होते," म्हणाली.
पुढं काही नाही.
मी नको म्हणायच्या आत
पत्र्यावरून अंगठा फिरवला तिनं,
उलटा, सुलटा,
तांदूळ निवडताना फिरतो तसा.

"किती निघतील याच्या?"

जस्तावर फार नाही, मी म्हटलं. दहा, बारा.
दर दाबाला कड बसत जाते,
काळं उतरतं,
शेवटी नुसत्या रेघा राहतात.

आईनं अंगठा पदराला पुसला.
नव्या साडीच्या.
"मग सगळ्या काढ," म्हणाली,
आणि स्टूल ओढलं.