पोटातलं ओठावर

वुडी पॉइंटहून निघालेला रस्ता
दोन डोंगरांच्या मधून जातो, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.
उजवीकडचा हिरवा, ओहोळांचा, सूचिपर्णी झाडांचा.
डावीकडचा गंजलेल्या कढईच्या रंगाचा,
एकही झुडूप न धरलेला,
जुलै असून खांद्यावर बर्फाची चिंधी टाकून बसलेला.

नॅशनल पार्कची गाइड अर्डिथ क्रॉकर
बुटाच्या टोकाने एक धोंडा दाखवते.
"हा वरचा नाही, खालचा.
तुम्ही जन्मभर ज्याच्यावर चालता
त्याच्याही कितीतरी मैल खाली असतो तो.
खंड आदळले, समुद्राचा तळ वर ढकलला गेला
आणि त्याला चिकटून हाही आला."

पोटातलं ओठावर येणं म्हणतात आमच्याकडे.
मी तिला कसंबसं समजावते.
ती हसते. "इथे आलं ते परत गेलंच नाही.
कोट्यवधी वर्षं झाली,
अजून कुणी विषय बदललेला नाही."

फुटलेला दगड आतून हिरवट काळा,
वरचा तांबूसपणा हवेने चढवलेला.
माती जवळजवळ विषारी.
ओलसर सांदीत तेवढी घटपर्णी,
किड्यांवर पोट भरणारी.
अर्डिथ तिच्या घागरीत बोट घालून दाखवते:
एक पंख, थोडं पावसाचं पाणी.

वाऱ्याच्या आडोशाला आम्ही डबे उघडतो.
तिच्याकडे पाव आणि बेकॲपलचा जॅम.
आणि मीठ मागावं तितक्या सहज ती म्हणते,
"आमचं घरही असंच आलेलं. पलीकडून."

हॅपर्स टिकल. सतरा उंबरे.
पासष्ट-सहासष्ट साली सरकारी माणूस आला,
टेबलावर टोपी ठेवली, टोपीशेजारी कागद.
शाळेला मास्तर मिळणार नाही, डाकेची बोट थांबणार नाही,
माणशी इतके डॉलर,
पण दहांतल्या नवांनी सही केली तरच.
तेव्हा शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जसं बघितलं
ते बघणं आजोबांनी
मरेपर्यंत कुणाला करून दाखवलं नाही.

घरं मात्र सोडली नाहीत.
खालून ओंडके सारले,
भोवती रिकामी पिंपं बांधली,
भरतीची वाट बघितली
आणि चार मासेमारी होड्यांनी
दुमजली घर पडद्यांसकट पाण्यात ओढलं.

आजोबांची बहीण सेलिना उतरायला तयार नव्हती.
"पीठ मळून ठेवलंय," एवढंच म्हणाली.
खाडी ओलांडेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिली,
चूल पेटलेली, धुराड्यातून धूर.
या काठावरच्यांना वाटलं
आगबोट आली की काय.
पीठ फुगलं एका गावात,
पाव निघाला दुसऱ्या.
थडगी तिथेच राहिली. थडग्यांना पिंपं बांधता येत नाहीत.

कसा झाला होता पाव, मी विचारते.
"एका बाजूने करपलेला," अर्डिथ म्हणते,
"घर कललं होतं ना."

संध्याकाळी ती मला ते घर दाखवायला नेते.
मागच्या दाराने, कारण पुढच्याला पायऱ्याच नाहीत.
काठावर चढवताना घर उलटं लागलं,
समुद्राकडे असायचं ते तोंड डोंगराकडे झालं.
फिरवायला माणसं पुन्हा दोर घेऊन आली
तेव्हा सेलिना म्हणाली, राहू दे आता, मला चक्कर येते.

पुढचं दार जमिनीपासून कमरेइतकं उंच.
इतक्या वर्षांत त्यातून कुणी आलं-गेलं नाही,
पण बिजागऱ्यांना तेल आहे.
अर्डिथ ते उघडते.
समोर तो उघडाबोडका डोंगर,
उतरत्या उन्हात आतून धग लागल्यासारखा,
आणि उंबऱ्याखाली नुसती हवा.

"सांभाळून," ती माझी बाही धरते,
"नवी माणसं पाय टाकायलाच बघतात."