एक बिडी होईपर्यंत

काळजात लागलेलं जनावर लगेच पडत नाही, आण्णा सांगायचे.
आधी उडी मारतं, पुढचे पाय छातीशी घेऊन,
मग मान खाली घालून सुसाट पळतं,
कुठंतरी पोचायचं राहून गेल्यासारखं.
साठ-सत्तर पावलं. कधी शंभर.
मग झुडपात आवाज, पोतं टाकल्यासारखा.
"त्याला कुणी सांगितल्यालंच नसतं रं, का तू मेलायस म्हनून."

मी तेव्हा सातवीत, ताडीवाला रोडच्या खोलीत.
आण्णा कॅम्पात, सोराबशेठच्या दुकानात बंदुकीच्या नळ्या पुसायला.
कायदा आला, साहेबलोक गेले, वेल्ह्याचे डोंगर सुटले.
बोटांना उरला तेलाचा वास
आणि डोक्यात हे सगळं, ज्याचं पुण्यात काही करता येत नाही.

मेथी निवडता निवडता ते मला रक्त शिकवायचे.
गुलाबी, फेसाळ : फुफ्फुस. गवताच्या दोन्ही अंगांना शिंतोडे.
काळपट, जांभळाच्या डागासारखं : यकृत. वेळ लागतो, पण सापडतं.
थेंबाचं शेपूट ज्या बाजूला, तिकडं जनावर.
जागच्या जागी कोसळलेल्यावर विश्वास ठेवू नको,
कण्याला नुसता चाटून गेलेला असतो मार;
तू सुरी काढेस्तोवर ते उठून पलीकडच्या खिंडीत.
आई म्हणायची, पोराला पाढे शिकवा.

पोटाचं मात्र सांगायचे नाहीत.
एकदाच सांगितलं. मोसे खोऱ्यातलं सांबर.
गोळी लागली तेव्हा मागं नुसती लाथ झाडली,
पाठीची कमान केली, शेपूट दाबलं
आणि चालत गेलं. पळालं नाही. चालत.
साहेबाला अंधाराच्या आत शिंगं हवी होती.
"म्या म्हनलं, साहेब, बिडी होऊ द्या. एक न्हाई, चार.
बसंल ते. मागं लागलो तर भ्यानं उठंल,
आन् मग घावायचं न्हाई."
साहेब उठला. सांबर उठलं.
तिसऱ्या दिवशी ओढ्यात, तोंड पाण्यात.
"बार साहेबाचा. पन माग माझा हुता."

अठरा वर्षं झाली, मी ससूनमध्ये एक्स-रे काढतो.
बेरियम पाजून काढलेली आण्णांची फिल्म
डॉक्टरांच्या आधी मीच उजेडाला धरली.
सरळ धरली, तिरपी धरली, पुन्हा सरळ.
बोललो काहीच नाही.
ते म्हणाले, "काच कशाला बघतुस? पाठ बघ की माझी."

परवा पहाटे तीनला खाट रिकामी.
सलाईनची सुई उपसलेली, चादरीवर बोटभर डाग.
सिस्टर वरच्या मजल्याकडे धावली, वॉचमन गेटाकडे.
मी खाली वाकलो.
शहाबादी फरशीवर थेंब, शेपटं जिन्याकडे.
पायऱ्यांवर दोन. कठड्यावर हाताचा ठसा, पुसट.
पोर्चमध्ये काहीच नाही.
मग मी उभा राहिलो, ते राहायचे तसा,
तोंड किंचित उघडं, श्वास धरून.
स्टेशनात एक गाडी लागत होती.
इमारतीच्या मागं, धुण्याच्या हौदाचा नळ गळत होता.

तिथं होते. हौदाला टेकून, गुडघे पोटाशी,
ओंजळ ओली.
मला पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.
मान वळली नाही, पण एक खांदा वर आला,
उठायच्या बेतात.

मी टाकलेलं पाऊल मागं घेतलं.
वीसेक हातांवर, अँब्युलन्सच्या चाकाआड बसलो.
वरून सिस्टरनं नावानं हाक मारली. मी ओ दिली नाही.
बिडी मी ओढत नाही.
मनातल्या मनात एक पेटवली, संपू दिली.
मग दुसरी.
ती अर्ध्यावर आली असेल,
तेव्हा त्यांचा खांदा सावकाश खाली आला.