एकतीस सेंटिमीटर

हॉल क्रमांक सात, रांग डी, स्वच्छतागृहाला लागून,
आमचा स्टॉल दरवर्षी इथेच.
समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर एक मूल
बोटाने शनीची कडी फिरवतं,
दिवसभर, तेच मूल, तीच कडी.
आम्ही खुर्च्या विकतो.

बीच झाडाचं लाकूड, गोल केलेल्या कडा,
पायांखाली फेल्टच्या चकत्या.
जांभळा ठिपका म्हणजे एकतीस सेंटिमीटर, पिवळा म्हणजे पस्तीस.
"पाठ सरळ तर अक्षर सरळ," तोर्बेन गिऱ्हाइकांना सांगतो
आणि स्वतः कंबर धरून उभा असतो,
कारण हॅनोव्हरच्या या प्रदर्शनात
विकणाऱ्याने बसायचं नसतं.

बसतात ते मुख्याध्यापक.
साडेदहानंतर पाय बोलू लागले की
परिसंवादांतून सुटून येतात,
गळ्यात बिल्ला, खांद्याला फुकटची कापडी पिशवी,
पिशवीत नऊ पेनं आणि उद्याच्या वर्गाबद्दलचं
काहीतरी जाडजूड, गुळगुळीत.
"जरा टेकू का?"
टेकतात. गुडघे हनुवटीपाशी,
टाय जमिनीला लागायच्या बेतात.
कासेलचे एक शिक्षणाधिकारी, हा एवढा माणूस,
मागच्या दोन पायांवर खुर्ची झुलवू लागले.
"झुलायचं नाही," तोर्बेन सवयीने म्हणाला,
घरी त्याला दोन आहेत.
आणि साहेब खरंच थांबले, कानापर्यंत लाल.

काल, बंद व्हायला अर्धा तास उरलेला,
एक बाई आल्या. बिल्ल्यावर गेझिने ओलरोग्गे,
आडनावातला एक ग छापताना गळालेला,
त्यांनी तो पेनाने वरून घातलेला.
बसल्या नाहीत. खुर्ची उलटी केली,
सांधे पाहिले, नखाने पॉलिश खरवडलं.
मी ओळखलं, ही घेणारी.
दरपत्रक पुढे केलं.

"परत घेता का?"
"बदलून देतो. दहा वर्षांची हमी आहे."
"बदलून नको. परत.
तेवीस आहेत. जांभळ्या. तुमच्याच."

आल्टमार्कमध्ये शाळा. यंदा चार मुलं.
उन्हाळ्यानंतर तीही बसने, तेरा किलोमीटर.
मग इथे कशाला आलात, असं मी विचारलं नव्हतं,
तरी म्हणाल्या, तिकीट नाताळाआधीच काढलेलं,
पैसे परत मिळत नव्हते,
आणि हॉटेलात नाश्ता धरून होता.

तशी सोय आमच्याकडे नाही, मी सांगितलं.
हे वाक्य मला चांगलं येतं.
तेव्हा त्या बसल्या. पिवळीवर नाही, जांभळीवरच,
गुडघे एका अंगाला घेऊन, सराईत,
चौतीस वर्षं ती उंची हाडांत मुरलेली.

खालून हात फिरवला की कळतं, म्हणाल्या, कोणती कुणाची.
एकीखाली च्युइंगम, वाळून दगड झालेला, तो एनोचा.
एनो आता पवनचक्क्या दुरुस्त करतो,
त्याला उंचीची भीती वाटायची.
एकीखाली खिळ्याने कोरलेलं घर, धुराडं वाकडं.
आणि एकीखाली काहीच नाही.
"ती कुणाची, तेच आठवत नाही मला.
रात्री अख्खी हजेरी घेऊन पाहते, तरी..."

वर कर्णा बोलू लागला, अभ्यागतांनी बाहेर पडावं.
समोरचा शनी विझला. मूलही.
बाई उठल्या, खुर्ची टेबलाखाली सारली,
न घासता, किंचित उचलून.

"या चकत्या सुट्या मिळतात?
आमच्या झिजल्यात. फरशीवर फार कर्कश वाजतं."
मी आकडा मनात करू लागलो, तेवीस चोक...
"सोळा द्या," त्या म्हणाल्या.
"जूनपर्यंत शाळा आहे अजून."

पैसे घेतले नाहीत. वीस दिल्या.
त्यांनी तळहातावर ओठ हलवत मोजल्या
आणि चार परत केल्या.