स्थिती: उशीखाली

त्या जानेवारीत दरीतलं तळं काठापासून काठापर्यंत गोठलं
आणि कारखान्याच्या चार मजल्यांत
उजेडाच्या दोनच खिडक्या उरल्या, आमच्या.
खाली अंगणात भंगारवाले लेथ तोलत होते, किलोवर.
ह्युगेट म्हणाली, खिडकी लाव. धूळ येते.

एकेचाळीस वर्षं ती
केसाहून बारीक कमानींना श्वास घ्यायला शिकवत आलेली.
मी एकोणीस वर्षांची शिकाऊ,
बोटांना कांद्याचा वास आला तरी बोलणी खाणारी.

पहिल्या दिवशी तिनं मला घड्याळ दिलंच नाही,
गुंडाळलेली एक पोलादी पट्टी दिली.
सोड, म्हणाली.
सोडली.
फडफडत उलगडली ती, टेबलावरून उडाली,
अंगठ्यातून रक्त.
"हा तुझा दीड दिवस. एका झटक्यात उधळलास.
आता तो पुरवून पुरवून देणाऱ्याला भेट."

भिंगाखाली
पंधरा दात्यांचं चाक, पुढं झेपावायला टपलेलं,
आणि त्याला आडवा एक काटा,
दोन्ही हातांत माणकाचा एकेक तुकडा.
एक माणिक उचललं, दाता निसटला,
जाता जाता काट्याला ढुशी देऊन गेला,
आणि निसटतो न निसटतो तोच
पलीकडं दुसरा दाता दुसऱ्या माणकावर आपटला.
ढुशी लोलकचक्राला पोचली. ते झुललं,
कमानीनं त्याला माघारी बोलावलं,
येताना त्यानं दुसरी कडी काढली.
सेकंदात पाचदा.

आमच्या भाषेत या जोडणीचं नाव आहे निसटणं.
मला ते पटत नसे. निसटतंय कोण?
प्रत्येक पावलाला नाका आहे.
"टिक ऐकतेस ना," ह्युगेट म्हणाली,
"लोकांना वाटतं, ती चालल्याची.
ती अडवल्याची, पोरी.
चालणं मुकं असतं."

मग मादाम गोले आली, बुटांना बर्फ.
नवऱ्याचं खिशातलं घड्याळ.
उलीस स्प्रूसच्या सालीच्या पट्ट्या काढायचा, चीजच्या डब्यांसाठी.
ऑक्टोबरात गेला.
तेव्हापासून हे रोज चाळीस सेकंद पुढं पळतंय.

ह्युगेटनं झाकण उघडलं. तेल ठीक, कमान ठीक,
माणकांवर ओरखडा नाही.
विचारलं, तो रात्री कुठं ठेवायचा?
खिळ्याला. पलंगाशेजारी.
आणि तुम्ही?
मादाम गोले खिडकीकडं पाहत राहिली.
उशीखाली.

उभं टांगलं की चक्राचा आस कडेवर घासतो,
आडवं ठेवलं की टोकावर उभा राहून गिरकी घेतो,
मोकळा, हलका, थोडा वेगळ्या मापाचा.
हे मी वहीत उतरून घेतलं होतं.
"घड्याळात दोष नाही," ह्युगेट म्हणाली.
"खिळ्याला लावत जा."
"खिळा त्याच्या बाजूला आहे."

खाली कुणीतरी तराजूवर लोखंड फेकलं.
ह्युगेटनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं,
दुपारभर ती आणि ते चक्र,
मधे चिमट्याचं टोक.
कमान किती ढिली केली मला दिसलंही नाही,
पण आडवं असताना ते आता बरोबर चालणार होतं
आणि खिळ्यावर मागं पडणार होतं, कायमचं.

नोंदवहीत तिनं लिहिलं:
गोले, ल साँतिए. स्थिती: उशीखाली.
मजुरी चौदा फ्रँक.
सूट दिली नाही.