तीन थेंब

नाव सांग.
मू तुंगशंग, म्हणाला. मू म्हणजे झाड.
वय एकेचाळीस. राळा पेरतो,
हिवाळ्यात फुटके वाडगे सांधतो, पितळी टाके घालून.
एका टाक्याचं काय घेतोस, हे साहेबांनी विचारलं नाही.
मी विचारलं असतं.

पंथात कधी शिरलास?
कालव्यावर धान्याच्या नावा ओढणारा एक होता,
खांद्यावर दोराचे वळ. त्यानं आठ अक्षरं दिली.
दिवसातून तीनदा, सूर्याकडे तोंड करून म्हणायची.
म्हण.
त्यानं म्हटली:
कधीच न जन्मलेली आई,
जिथं काहीच नाही ते माहेर.
कचेरीत क्षणभर कुणी खोकलंसुद्धा नाही.

शहर किती दिवस धरलंत?
चार.
काय केलंत?
कोठार उघडलं. पहिल्या दिवशी जेवलो.
दुसऱ्या दिवशीही जेवलो.
कोठारावरच्या कारकुनाला कुणी मारलं?
बराच वेळ गेला.
आम्ही, म्हणाला.

बंडखोराचं नाव सरळ लिहायचं नाही, अशी रीत.
त्याला डाग लागतो. कुणाच्या अक्षराला कुत्रं जोडतात,
कुणाच्या पाणी.
साहेबांनी न बघताच बोट केलं: डावीकडे, पाणी.

तीन वर्षं त्या मुलखात पाऊस नव्हता.
माणसं एल्मची साल दळून खात होती.
कचेरीच्या आडाला मात्र होतं, शाई खलण्यापुरतं.
मी कुंचला बुडवला
आणि झाडाच्या डाव्या अंगाला
तीन थेंब घातले.

तसाही एक शब्द आहे आमच्यात. उच्चार तोच.
अर्थ: डोक्यावरून न्हाणे.

नवव्या दिवशी ते डोकं वेशीवर होतं, लाकडी पिंजऱ्यात,
केसांत पिवळी धूळ.
न्हाऊ घालायला कोण येणार?
बायकोचं नाव यादीत पुढचंच. तिलाही पाणी.

जबानीच्या चार नकला केल्या.
चौथीत थेंब राहून गेले.
विसरलो, असं मी सांगितलं. खरंही असेल.
राजधानीतून कागद परत आला,
त्या जागी तांबड्या शाईचं वर्तुळ.
मी दुरुस्त केलं.
या खेपेला हात हलला नाही.

घरी एक वाडगा आहे, पाच टाक्यांचा.
आईच्या वेळचा. कुणी सांधला, माहीत नाही.
रोज त्यातच पेज घेतो.
गळत नाही.